दोन गोळे, चार माणसं

अकोल्यातही आता ‘स्मॉल प्लेट्स’ची हवा आली आहे. ताटलीत गोळाभाताचे दोन गोळे, वर कोथिंबिरीचं एक पान, बाजूला फोडणीचं तेल औषधाच्या मापाने. वेटर अदबीने सांगतो, ‘सर, शेअर करा.’ चौघांत!

राजराजेश्वराच्या जुन्या शहरात, गोवऱ्यांवर भाजलेल्या रोडग्यांच्या पंगतीत, नको म्हणून पत्रावळीवर हात आडवा धरला, तरी वाढणारा बोटांच्या फटीतून वरण ओततो: ‘घ्या न जी, लाजता काय?’ इथे लाजते ती किंमत. मेनूकार्डाच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात.

तरी मंडळी, खुशाल जा. गप्पांना जागा झकास, एसी गार. मे महिन्यातल्या 45 अंशांत तेवढंही पुष्कळ. फक्त घरून जेवून निघा.