पुढच्या पाळीनं पाहावं

कादंबरी अर्ध्यात टाकायला हिंमत लागते, हे पुण्यातल्या माणसाला पटायचं नाही. त्याला दुसरी कोपऱ्यावर मिळते. भिलाईत मराठी कादंबरी आझाद हिंद एक्स्प्रेसनं येते, कुणाच्या तरी मेहुण्याच्या बॅगेत, बाकरवडीच्या पुड्याखाली दबून. मुखपृष्ठावर तेलाचा डाग घेऊनच ती दुर्ग स्टेशनावर उतरते. असलं पुस्तक मध्येच मिटलं, तर लेखकाचं एक वेळ राहू द्या, मेहुण्याचा अपमान होतो.

त्यातून मी ब्लास्ट फर्नेसचा माणूस. आमच्या भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या भट्टीचं उद्घाटन राजेंद्रप्रसादांनी 4 फेब्रुवारी 1959 रोजी केलं. भट्टीचा कायदा असा की एकदा पेटवली की वर्षानुवर्षं विझवायची नाही. आतला रस थिजला तर तो फोडता फोडता नाकीनऊ येतात. तोच कायदा मी कादंबऱ्यांना लावून बसलो होतो. रस केव्हाच थिजलेला, आणि मी आपला कोळसा घालतोय!

"अहो, इतकी वर्षं भट्टी काय तुम्ही एकट्यानं चालवलीत?" बायकोनं विचारलं.

खरंच की. भोंगा झाला, रिलीव्हर आला, लॉगबुकात सही केली की मी सायकलवर. धातू निम्मा बाहेर, निम्मा आत. पुढचं तो बघेल. नोकरीभर मी एकही काम शेवटपर्यंत नेलं नाही, आणि तरी निरोप समारंभात शाल मिळाली.

मग पुस्तकाची पाळी कुठे संपवायची? अमेरिकेतल्या नॅन्सी पर्ल या ग्रंथपालबाईंचा नियम आहे: पन्नाशीपर्यंत पन्नास पानं वाचून बघा, त्यापुढे शंभरातून वय वजा करा. शंभरी गाठलीत तर नुसतं मुखपृष्ठ बघून ठरवा. मी त्रेसष्टचा. म्हणजे सदतीस पानं.

जाडीवर माझा राग नाही. ‘तुंबाडचे खोत’चे दोन्ही खंड मी जागून संपवलेत. उलट टाउनशिपच्या सेक्टरांतल्या कितीतरी शोकेसांत रशियन कादंबऱ्यांचे स्वस्त हिंदी अनुवाद असायचे. पहिल्या खंडाची पाठ मोडलेली, बाकीचे कोरे करकरीत. कारखाना रशियनांच्या मदतीनं उभा राहिलेला, म्हणून मैत्रीखातर घेतलेले. ती माणसं माझ्या आधी शहाणी झाली होती, बोलली नाहीत इतकंच.

आता मी सदतिसाव्या पानावर पेन्सिलीनं शेरा मारतो. परवाचा असा: ‘नायक अजून खिडकीत. पाऊस चालू. इतर हालचाल नाही. पुढच्या पाळीनं पाहावं.’

पुढची पाळी बायकोची. ती अडतिसाव्या पानापासून बिनदिक्कत सुरू करते आणि मधूनच विचारते, "ही सुनंदा कोण हो?" माझ्या पाळीत सुनंदा आलीच नव्हती, हे मी लॉगबुक दाखवून सिद्ध करतो.

भिलाई-दुर्गातल्या कुणा मराठी वाचकाला नाइट शिफ्ट करायची असेल, तर हुडको वसाहतीत आमच्याकडे यावं. पुस्तकं दाराजवळच्या खुर्चीवर आहेत. शेरा वाचून खुशाल न्यावीत. फक्त शेवट काय झाला ते सांगायला परत येऊ नये.