डबल प्लेअर

अकोला-अमरावती पट्ट्यातल्या कुठल्याही मैदानावर संध्याकाळी गेलात की कट्ट्यावर एक भाऊ बसलेले दिसतीलच. डोक्यावर पांढरी कॅप, पोटावर ताणलेला ट्रॅकसूट, काखेत छत्री. लोक त्यांना 'डबल प्लेअर' म्हणतात, कारण ते जिल्ह्याकडून क्रिकेटही खेळलेत आणि फुटबॉलही. कोणत्या साली, हे दर बैठकीला बदलतं. खेळ मात्र दोनच राहतात, एवढा संयम त्यांनी पाळलाय.

खरी गोष्ट अशी की त्या काळी धड खेळणारी पोरं होतीच अकरा-बारा. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल झाला की तीच फुटबॉल खेळत, दिवाळीनंतर जमीन टणक झाली की तीच मॅटिंग ठोकून क्रिकेट खेळत. निवडणाऱ्यांपुढे दुसरं कोणी नव्हतंच. भाऊ याला प्रतिभा म्हणतात आणि दाखला थेट वेस्ट इंडीजचा देतात. "रिचर्ड्स बी दोन्ही खेळे, मी बी दोन्ही खेळो!"

व्हिव्ह रिचर्ड्स अँटिग्वाचा. बेट 281 चौरस किलोमीटरचं, वस्ती लाखाच्या आसपास. 1974 च्या फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता फेरीत तो अँटिग्वाकडून खेळला, असं जगभर सांगतात. पण उपलब्ध नोंदींत त्याचं नाव सापडत नाही, असं जाणकारांचं म्हणणं. कट्ट्यावरच्या एका पोरानं मोबाइलवरून हे वाचून दाखवलं, तेव्हा भाऊ हिरमुसायच्या ऐवजी खुलले. "पाय! नोंद त्याचीबी नाही, माहीबी नाही. सारखंच झालं ना बे?" मग त्यांनी हिशेब मांडला. 2011 च्या जनगणनेत अकोला शहर सव्वाचार लाखांचं. म्हणजे तो लाखात एक आणि आपण सव्वाचार लाखांत एक.

चुनी गोस्वामींचं नाव काढलं की मात्र त्यांचा चेहरा पडतो. 1962 ला जकार्तात आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या फुटबॉल संघाचे कर्णधार आणि पुढे बंगालला रणजीच्या अंतिम सामन्यात नेणारेही तेच. यावर भाऊंचा एकच शेरा, "त्याले कलकत्त्याचं मैदान होतं बावा. आमाले काय, ढेकळं!"

अमरावतीत आवाज जरा खालच्या पट्टीत असतो. जिथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक 1936 साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये देशी व्यायामप्रकार दाखवून आलं, तिथं जिल्हा पातळीला कोण विचारतो? अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून खेळला, अकोल्याचा अथर्व तायडे विदर्भाची सलामी करतो. भाऊंना दोघांचा अभिमान आहे, पण पुढचं वाक्य ठरलेलं, "चांगले हायेत पोट्टे. फुटबॉलात कोणी पाह्यलं त्याइले?"

कसब अंगात कसं मुरलंय, ते पाहायला मिळतं. सीझन बॉल घरंगळत आला की भाऊ तो सवयीनं पायानं अडवतात, चपलेतल्या पायानं, आणि मग बराच वेळ घोटा चोळत बसतात. फुटबॉल आला की स्लिपमध्ये उभं असल्यागत वाकून दोन्ही हातांनी झेलायला जातात. दोन्ही खेळ येतात. अडचण इतकीच की कोणता कधी, याचा ताळमेळ बसत नाही.

भेटले तर त्यांना सर्टिफिकेट मात्र मागू नका. मागितलंत तर घरी घेऊन जातील, कपाट उघडतील, आणि ते सापडेपर्यंत तुमचं दोन वेळचं जेवण तिथंच होईल.