बॉनेटकाका

रस्त्याच्या कडेला एखादी गाडी बॉनेट उघडून उभी राहिली आणि तिच्याभोवती माणसं जमली नाहीत, असं निदान महाराष्ट्रात तरी मी पाहिलेलं नाही. काही जण नुसते वाकून बघतात. काही जण "काय झालं?" असं विचारून उत्तर न ऐकताच पुढे जातात. पण त्या घोळक्यात एक असामी अशी असते, जी हात मागे बांधून येते, बाह्या दोन घड्या वर करते आणि इंजिनातून अजून वाफा निघत असतानाच निकाल देऊन मोकळी होते : "हेड गॅस्केट गेलंय."

आमच्या सोसायटीत हे खातं एकाच गृहस्थांकडे आहे. पोरं त्यांना बॉनेटकाका म्हणतात. तोंडावर अर्थात नुसतं काका.

काका बँकेतून निवृत्त झाले. नोकरीत त्यांचा मोटारीशी जो काही संबंध आला तो वाहनकर्जाच्या फायलींपुरता. पण खाली पार्किंगमध्ये कुणी बॉनेटचा खटका ओढला, की तो आवाज तिसऱ्या मजल्यावर काकांना बरोबर ऐकू जातो. त्याच कानांना स्वयंपाकघरातून मारलेली हाक ऐकू येत नाही, ही काकूंची जुनी तक्रार आहे. काका लिफ्टची वाट बघत नाहीत, जिन्याने येतात. लिफ्टमध्ये वेळ जायचा आणि तेवढ्यात दुसराच कुणी निदान करून जायचा.

तपासणी मात्र बघण्यासारखी. वैद्य नाडी बघतो तसे ते रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर बोटं टेकवतात आणि डोळे मिटतात. मग डिपस्टिक ओढून ऑइलचा थेंब अंगठ्यावर घेतात, तर्जनीने चोळतात, नाकाशी नेतात. खरं सांगायचं तर यातली एकही गोष्ट चुकीची नाही. वरचा पाइप कढत आणि खालचा गार लागला तर थर्मोस्टॅट अडकला असण्याचा संभव असतो. ऑइल दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी शिरलंय आणि मग गॅस्केटची शंका घ्यायलाच हवी. घोळ एवढाच, की काकांचं निदान पाइपला हात लावण्यापूर्वीच झालेलं असतं. पुढचं सगळं पूजा झाल्यावरच्या आरतीपैकी.

गॅस्केट नसेल तर थर्मोस्टॅट. त्याच्यावर काकांचा विशेष राग. "काढून फेकून दे रे. थंड देशातली थेरं आहेत ती. आपल्याकडे काय बर्फ पडतंय?" हे मत काकांनी एकट्याने शोधलेलं नाही, कित्येक गॅरेजांत ते पिढीजात चालत आलंय. वास्तविक ही झडप साधारण 82 ते 88 अंशांना उघडायला लागते. तोवर ती पाणी इंजिनातच फिरवते, म्हणजे इंजिन लवकर तापतं आणि मग बेताच्या तापमानाला टिकून राहतं. ती काढली की इंजिन धड तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं आणि झिजतंही लवकर. तळमजल्यावरच्या एका भल्या माणसाने काकांचं ऐकून ती काढली. महिनाभराने तो मायलेजची रड घेऊन आला. काका शांतपणे म्हणाले, "पेट्रोलमध्ये भेसळ आहे."

काकांच्या या सगळ्या विद्येचं मूळपीठ म्हणजे त्यांची प्रीमिअर पद्मिनी. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलगतचा गिअर आणि उन्हाळ्यात घाट आला की हमखास रुसवा. पण ती रुसायची त्याचं कारण पुष्कळदा वेगळंच असे. तिचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने पंपातल्या पेट्रोलचीच वाफ व्हायची आणि कार्ब्युरेटर उपाशी राहायचा. उपाय म्हणून पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि दहा मिनिटं सावलीत थांबायचं. वाफेचं पुन्हा पेट्रोल झालं की गाडी चालू. फडकं तिथे खरोखर औषध होतं. आता पंप पेट्रोलच्या टाकीत बुडून बसलाय, कार्ब्युरेटर तर राहिलाच नाही. पण काकांच्या हातातलं फडकं काही सुटलेलं नाही. ते भिजवून, पिळून काका नव्या इंजिनावर वाकतात, प्लॅस्टिकची काळी झाकणं इकडून तिकडून न्याहाळतात आणि फडकं नेमकं ठेवायचं कुठे ते न समजून शेवटी बॅटरीवर ठेवतात. 2023च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी काका संध्याकाळी फिरायला गेले नाहीत.

मागे एकदा जोडून सुट्ट्या आल्या तेव्हा भाच्याच्या गाडीतून आम्ही साताऱ्याला एका साखरपुड्याला निघालो. एक जागा रिकामी होती. काका "येतो म्हणजे काय, यायलाच हवं," म्हणत पुढच्या सीटवर बसले. पुण्याहून जाताना तेव्हा खंबाटकीचा घाट चढावा लागायचा, बोगदा येणाऱ्यांसाठी होता. त्या दिवशी अख्खं पुणे चढत होतं. पहिला गिअर, दोन फूट पुढे, ब्रेक. गाडी नवी, म्हणजे तापमानाचा काटा नाही, वेळ आली की तांबडा दिवा. भाच्याने मात्र स्टिअरिंगखाली एक बोटभर यंत्र खोचून तापमान मोबाइलवर आणलं होतं. आकडा 108 झाला, 112 झाला. "मोबाइलला काय कळतंय इंजिनातलं?" काका म्हणाले. तेवढ्यात तांबडा दिवा लागला आणि मोबाइलच्या बाजूने एक मत पडलं.

भाच्याने हीटर पूर्ण सोडला. गाडीतला हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. इंजिनाची थोडी उष्णता तो आपल्या अंगावर ओततो, आपण भाजतो पण तेवढंच इंजिन वाचतं. काका खवळले. "अरे, मे महिन्यात हीटर? डोकं फिरलं का तुझं?" त्या दिवसभरात गाडीच्या भल्याची जी गोष्ट झाली तिला काकांचा विरोध होता, याची नोंद असावी.

खामजाईच्या देवळाच्या अलीकडे गाडी कडेला घेऊन बंद केली. भाचा बॉनेट उघडतोय तोच काका हातरुमाल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणाकडे निघाले. माझ्या पोटात गोळा आला. ते झाकण नुसतं झाकण नसतं. ते आत साधारण एका वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी 120 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. "पाणी शंभरलाच उकळतं, शाळेत शिकलोय मी," काका म्हणाले. पुण्यात ते 98लाच उकळतं, पण हा वाद घालायची ती वेळ नव्हती. मी घाईघाईने विचारलं, "काका, पद्मिनीला कधी असं झालं होतं?"

काका थांबले. रुमाल खिशात गेला. मग 1980च्या दशकातला एक उन्हाळा सुरू झाला, त्यात काकूंचं माहेर आलं, कापलेला फॅन बेल्ट आला आणि बेल्टच्या जागी काय बांधलं ते आलं. तापलेलं इंजिन निवायला अर्धा तास तरी लागतो. एवढा अर्धा तास मुकाट थांबणं हेच लोकांना जमत नाही, आणि तिथेच गार पाणी ओतून हेड वाकडं करून घेतात. काका पद्मिनीवर असले की अर्धा तास सहज निघतो.

बेल्टची गाठ सुटायला आणि शेजारी एक वडापची जीप थांबायला एकच गाठ पडली. गळ्यात टॉवेल टाकलेला चालक उतरला, आत डोकावला आणि काकांच्या "हेड गॅस्केट आहे" या वाक्याला नुसती मान हलवून त्याने भाच्याला विचारलं, "पळताना तापती, का हुबी ऱ्हायल्यावर?"

मी चमकलो. इतक्या वर्षांत काकांनी आजारी गाडीच्या मालकाला कधी काही विचारल्याचं मला आठवेना.

"शिरवळपर्यंत ऐंशीने आलो, नव्वदच्या वर गेली नाही," भाचा म्हणाला. "घाटात रांगेत अडकलो आणि चढली."

"मग पाणी-बिणी फिरतंय की. वारं मिळंना तिला." त्याने वरचा पाइप चेपून पाहिला, टॉवेलने झाकण आधी अर्धंच फिरवलं, फुस्स झाल्यावर पूर्ण काढलं, लिटरभर पाणी भरलं. "आता चालू करा. एसी लावा." एसी लावला की पुढचा फॅन फिरायलाच हवा. फॅन ढिम्म. काकांनी घाटभर एसीला हातच लावू दिला नव्हता, त्यामुळे ही गोष्ट कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. चालकाने फ्यूजचा डबा उघडला, एक चौकोनी काळा रिले उपटला, दुसरीकडचा त्याच मापाचा काढून तिथे दाबला. फॅन घूंऽऽ करत सुटला.

"हॉर्नचा हितं लावलाय. साताऱ्यापत्तूर हॉर्न न्हाई वाजायचा, दमानं जावा." पैशाला त्याने हात लावला नाही.

"हेच म्हणत होतो मी," काका म्हणाले. "विजेवरचा फॅन! पद्मिनीला पट्ट्यावर असायचा. इंजिन फिरलं की फॅन फिरलाच." हे मात्र शंभर टक्के खरं होतं आणि त्याचाच आम्हाला जास्त राग आला.

घाट उतरताना हॉर्नवाचून अडू लागलं. काकांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि कामाला लागले. "ओ ट्रकवाले, डावीकडे घ्या डावीकडे!" वेळे गेलं, भुईंज गेलं, आवाज बसत चालला तरी माघार नाही. आनेवाडीच्या टोलनाक्यावर पुढची गाडी हलेना, तेव्हा भाच्याने सवयीने हॉर्नवर हात मारला. आवाज डाव्या खिडकीतून आला.