घट बसले

मराठीत 'बसणे' या क्रियापदाच्या वाट्याला जितके अर्थ आले आहेत, तितके सहसा दुसऱ्या कोणत्याही क्रियापदाच्या वाट्याला आलेले नाहीत. आवाज बसतो, धंदा बसतो, धक्का बसतो, आश्विन शुद्ध प्रतिपदेला देवघरात घट बसतात, आणि गृहनिर्माण संस्थेच्या आवारात धूळ खात उभ्या असलेल्या मोटारीची बॅटरीही बसते. यांतील शेवटच्या दोन घटनांचा संबंध वाटतो तितका केवळ शाब्दिक नाही. कारण पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत ज्याला 'विद्युतघट' म्हणतात, असे सहा घट एकामागोमाग एक जोडले की मोटारीची बॅटरी तयार होते. फरक इतकाच की देवघरातल्या घटाला नऊ दिवस रोज नवी माळ आणि पाणी मिळते, तर बॉनेटखालच्या सहा घटांना, ते जिवंत आहेत तोवर, कोणी 'कसे आहात' असे विचारल्याची नोंद आढळत नाही.

या घटाचा जनक गॅस्तों प्लांते हा फ्रेंच शास्त्रज्ञ असून त्याने १८५९ मध्ये शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा भारित करता येणारा पहिला उपयुक्त घट बनवला. अशा प्रत्येक घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असल्यामुळे सहा घटांची पूर्ण भारित बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. वीज वापरली गेली की दोन्ही प्रकारच्या पत्र्यांवर लेड सल्फेट या क्षाराचा थर बसू लागतो. वेळीच भारण झाले तर तो विरघळतो, आणि बॅटरी फार काळ रिकामी राहिली तर तो कठीण होऊन कायमचा मुक्काम ठोकतो, ज्याला 'सल्फेशन' असे नाव आहे. इंजिन बंद असताना १२.२ व्होल्ट म्हणजे बॅटरी निम्मी रिकामी आणि नेमके १२ व्होल्ट म्हणजे जेमतेम पाव भरलेली. याचा अर्थ असा की १२ व्होल्टची म्हणून विकत घेतलेली बॅटरी ज्या दिवशी खरोखरच १२ व्होल्ट दाखवते, त्या दिवशी तिचे बारा वाजत आलेले असतात. लेबल आणि वस्तुस्थिती यांचे इतके प्रामाणिक नाते निवडणुकीच्या जाहीरनाम्यांखेरीज अन्यत्र क्वचितच पाहायला मिळते.

बॅटरीचे मुख्य काम मात्र दोन-तीन सेकंदांचे असते. चार्ल्स केटरिंग या अमेरिकी अभियंत्याने सिद्ध केलेला विजेवर चालणारा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत आला आणि इंजिनाला हँडल मारून जागे करण्याची, प्रसंगी मनगट मोडणारी, प्रथा मागे पडू लागली. तेव्हापासून चावी फिरवताच शंभर-दीडशे अँपिअरचा प्रवाह एका दमात देणे हे बॅटरीचे कर्तव्य ठरले. पुढची सगळी मिरवणूक इंजिन आणि त्याच्या पट्ट्यावर फिरणारे 'अल्टरनेटर' हे जनित्र सांभाळते व बॅटरीने खर्च केलेली वीज तिला परत करते. आरंभीचा भार एकट्याने उचलून पुढे फोटोत न दिसणारा कार्यकर्ता प्रत्येक मंडळात असतो, तसा तो मोटारीतही असतो, आणि त्याची आठवण दोन्हीकडे तो आला नाही त्या दिवशीच होते.

असे असूनही बॅटरी 'अचानक' गेली असे सांगण्याचा सार्वत्रिक प्रघात आहे. वस्तुतः ती अनेक आठवडे आधीपासून पूर्वसूचना देत असते: सेल्फ मारताना इंजिन आळसावल्यासारखे फिरते, त्या क्षणी हेडलाइट मंदावतात, टर्मिनलवर, म्हणजे तारा जोडायच्या खुंट्यांवर, पांढरी-हिरवी बुरशीसारखी पुटे चढतात. ही पुटे खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने निघतात आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवला की पुन्हा लवकर येत नाहीत. परंतु 'चालतेय ना, मग कशाला हात लावायचा' या अत्यंत रूढ सिद्धांतापुढे सोडा आणि व्हॅसलीन दोन्ही निष्प्रभ ठरतात. या सिद्धांताला कारखानदारांनीही नकळत आधार दिला आहे. बॅटरीवर 'मेंटेनन्स फ्री' असे छापलेले असते, ज्याचा अर्थ तीत डिस्टिल्ड वॉटर घालावे लागत नाही एवढाच आहे. पण तो मालक देखभालीच्या जबाबदारीतून मुक्त झाला असा वाचला जातो. विदर्भातल्या उन्हाळ्याने बॅटरीचे आयुष्य आतून खाल्लेले असते आणि डिसेंबरातल्या एखाद्या गार पहाटे, घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो तेव्हा, ते उघडकीस येते. दोष मात्र थंडीच्या माथी जातो. गाडी नुसती उभी असली तरी कुलूप, अलार्म आणि घड्याळ मिळून पन्नासेक मिलिअँपिअर वीज पीत असतात, ज्याचा हिशोब दिवसाला १.२ अँपिअर-तास होतो. लहान गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी त्या गतीने महिन्याभरात कोरडी पडावी, आणि इंजिन फिरवण्याइतका जोर तर तिच्यातून त्याच्या बराच आधी निघून जातो. 'गाडी वापरतच नाही, मग बिघडेल कशी' या युक्तिवादाचे उत्तर या गणितात आहे.

वर्षातून एकदा, दसऱ्याला, गाडीची पूजा होते. गाडी धुतली जाते, बॉनेटवर झेंडूची माळ चढते, चाकाखाली लिंबू चिरडले जाते आणि पुढच्या बंपरला लिंबू-मिरची लटकते. बॉनेट उघडले जात नाही, कारण उघडले तर माळ तुटेल. येथे लिंबाविषयी शास्त्रीय न्याय करणे आवश्यक आहे. जस्त आणि तांबे असे दोन भिन्न धातू खोचल्यास लिंबू हा खराखुरा विद्युतघट बनतो व सुमारे ०.९ व्होल्ट दाब देतो, म्हणजे १४ लिंबांची माळ कागदोपत्री बॅटरीची बरोबरी करते. अडचण प्रवाहाची आहे: अशी माळ फार तर एखादा मिलिअँपिअर देते असे धरल्यास दीडशे अँपिअरसाठी दीड लाख माळा, म्हणजे २१ लाख लिंबे लागतील. बंपरवर एकच असते आणि त्यातून जाणारी तारही एकाच धातूची असते; त्यामुळे नजर न लागण्यापलीकडची कोणतीही अपेक्षा त्याच्याकडून बाळगणे अशास्त्रीय होय.

शेवटी तो दिवस उजाडतो. रिमोटने दार उघडत नाही, रिमोटच्या पोटात एक लोखंडी चावी दडलेली असते हे मालकाला प्रथमच कळते, आत बसून चावी फिरवली की केवळ 'कट-कट' असा आवाज येतो, आणि पाच मिनिटांत आवारात तज्ज्ञ समितीची बैठक भरते. समितीत पेट्रोल संपल्याचा, स्टार्टर जळल्याचा व फ्यूज उडाल्याचा असे तीन पक्ष असतात. मल्टिमीटर, म्हणजे शंका अर्ध्या मिनिटात मिटवणारे यंत्र, कोणाकडेच नसल्याने चर्चेला खंड पडत नाही. ठराव मात्र एकमताने होतो, आणि तो धक्का मारण्याचा असतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून, क्लच दाबून, ढकलून वेग आला की क्लच सोडायचा, म्हणजे चाके इंजिनाला फिरवतात, असे हे तंत्र आहे. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत ते चालत नाही, कारण इंजिन बंद असताना चाके आणि इंजिन यांचे नातेच जुळत नाही. शिवाय इंधनाचा पंप आणि नियंत्रक संगणक विजेवर चालत असल्यामुळे पूर्ण मेलेली बॅटरी असलेली कोणतीही आधुनिक गाडी ढकलून ढकलणाऱ्यांचा फक्त व्यायाम होतो. तरीही धक्क्याची प्रतिष्ठा अबाधित आहे. कारण धक्क्याने चालू झालेली गोष्ट दुरुस्त झाली असे समजण्याची सोय त्यात आहे. इमारतीची पाण्याची मोटार, प्रभागातली नालेसफाई आणि नदीवरचा जुना पूल यांचाही कारभार याच तत्त्वावर चालतो. तिथे फक्त ढकलणारे बदलत राहतात.

दुसरा उपाय जंपर केबलचा, म्हणजे शेजाऱ्याच्या बॅटरीकडून उसनी वीज घेण्याचा. लाल तार आधी मृत बॅटरीच्या धन टोकाला, मग जिवंत बॅटरीच्या धन टोकाला. काळी तार जिवंत बॅटरीच्या ऋण टोकाला आणि तिचे उरलेले टोक बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावायचे असते. शेवटच्या जोडणीवेळी ठिणगी पडते, आणि बॅटरीच्या आसपास ज्वालाग्राही हायड्रोजन असू शकतो म्हणून हा क्रम आहे. थोडक्यात, ऋण मृताच्या माथी मारू नये, हा धर्मशास्त्रालाही मान्य व्हावा असा नियम येथे रसायनशास्त्राने घालून दिला आहे.

उसनवारी संपली की बॅटरी बदलण्याचा प्रश्न उरतो. ऋण टोक आधी सोडवावे, मग धन. बसवताना धन आधी आणि ऋण सर्वांत शेवटी, कारण गाडीचा सांगाडाच ऋणाला जोडलेला असतो व ते टोक सुटलेले असले की पाना सांगाड्याला चुकून टेकला तरी भडका उडत नाही. ऋण आधी फेडावे आणि नवे ऋण शक्य तितके उशिरा घ्यावे, हा उपदेश एरवी कोणी ऐकत नाही. पाना हातात असताना मात्र ऐकावा लागतो. दुकानात वॉरंटी दोन तुकड्यांत मिळते: पहिली काही वर्षे फुकट बदल, आणि त्यानंतर 'प्रो-राटा', म्हणजे वापरलेल्या काळाच्या प्रमाणात छापील किमतीवर सूट, जी घासाघीस करणाऱ्याला वॉरंटीशिवायही बहुधा तितकीच मिळते. जुन्या बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असल्याने तिलाही मोल असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती वेगळी ठेवून अधिकृत संकलकाच्या हाती देणे ग्राहकाचे आणि ती परत गोळा करवून पुनर्वापरास लावणे उत्पादकाचे कर्तव्य आहे. व्यवहारात, शंभर रुपये जास्त देणारा भंगारवाला गेटपाशीच उभा असतो. तिथून ती बॅटरी एखाद्या उघड्या भट्टीपाशी पोहोचते, आम्ल गटारात जाते, शिसे धुरातून शेजारच्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तात उतरते, आणि मालकाला सौदा चांगला झाल्याचे समाधान लाभते.

नवी बॅटरी बसते, या क्रियापदाच्या शुभ अर्थाने. इंजिन पहिल्याच फटक्यात जागे होते, समिती आपल्या निदानाचे श्रेय वाटून घेत पांगते, बॉनेट बंद होते आणि पुढच्या कट-कट आवाजापर्यंत ते उघडण्याचे कारण उरत नाही. वीज तुटल्यामुळे अनेक गाड्यांतले घड्याळ मात्र सगळी स्मृती गमावून पहिल्यापासून सुरुवात करते व डॅशबोर्डवर १२:०० असे आकडे उमटतात. मालक ते पाहतो, आणि चालतेय ना, म्हणून त्याला हात लावत नाही.