नव्या फोनचे लाँच कसे बघावे (जबलपूर विभागासाठी)

नव्या फोनचे लाँच बघण्यासाठी फोन घेण्याची ऐपत लागत नाही, आणि घेण्याचा बेत पक्का असेल तर बघण्यात लक्ष लागत नाही. अ‍ॅपलचा सप्टेंबरमधला कार्यक्रम कॅलिफोर्नियात सकाळी १० वाजता सुरू होतो, म्हणजे जबलपुरात रात्री साडेदहाला. मराठी घराला ही वेळ मानवते: जेवणे आटोपलेली असतात, ओटा आवरलेला असतो आणि टीव्हीचा रिमोट बेवारस पडलेला असतो.

पूर्वतयारी जूनपासून करावी. फुटलेल्या बातम्यांवरून फोनचे रंग, जाडी आणि कॅमेऱ्याचा फुगवटा पाठ करून ठेवावा. सगळे ठाऊक असतानाही घोषणेच्या क्षणी चकित होता आले की पहिली पायरी जमली. खायला कमानिया गेटजवळची खोव्याची जिलेबी संध्याकाळीच आणावी. ती जड असते. दोनाहून अधिक खाणारे प्रोसेसरच्या आलेखापर्यंत जागे राहत नाहीत. तसे फार बिघडत नाही. त्या आलेखांवर आकडे नसण्याचाच प्रघात आहे. रेघ वर चढली की मान डोलवावी. ‘कितीपट’ विचारावे, ‘कशाच्या’ हे विचारू नये.

टाळ्यांचे शास्त्र स्टीव्ह जॉब्सने घालून दिले. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्याने आयपॉड, फोन आणि इंटरनेटचे साधन अशा तीन वस्तू जाहीर केल्या आणि तीच यादी पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, सभागृहाला वस्तू एकच असल्याचे उमगेपर्यंत. ती वस्तू, म्हणजे आयफोन, दुकानात आली २९ जूनला; भारतात पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आली ती तिची पुढची आवृत्ती. २०२० पासून मात्र अ‍ॅपल आधी चित्रित केलेला कार्यक्रम दाखवते. पडद्यावर टाळ्या नसतात. ती जबाबदारी दिवाणखान्यावर येते.

देशी लाँचला वेगळी सावधगिरी लागते. फेब्रुवारी २०१६ मध्ये दिल्लीत ‘फ्रीडम २५१’ हा २५१ रुपयांचा फोन समारंभपूर्वक सादर झाला. उपस्थितांना दिलेल्या नमुन्यांवर दुसऱ्याच कंपनीचे नाव व्हाइटनरखाली निघाले. तेव्हापासून जाणकार अशा समारंभाला नखे वाढवून जातात.

किंमत जाहीर होणे हा कार्यक्रमाचा गाभा होय. २०२१ ते २०२४ या चार वर्षांत आयफोन १३ पासून १६ पर्यंत साध्या मॉडेलची सुरुवातीची किंमत अमेरिकेत ७९९ डॉलर आणि भारतात ७९,९०० रुपये अशीच राहिली. तरी दर वर्षी एका काकांनी डॉलरचा भाव विचारून गुणाकार करावा, उत्तर बरेच कमी यावे आणि सरकारचा उद्धार व्हावा. अमेरिकी किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो, हे घरातल्या सीएने सांगावे; कोणी ऐकू नये. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात मोबाइलवरचे सीमाशुल्क २० टक्क्यांवरून १५ वर आले, तेव्हा काका दोन दिवस गप्प होते. यानंतर न्यू जर्सीच्या भाच्याची आठवण निघते. तिथे दुपारचा एक वाजलेला असतो. येताना फोन आणण्यास त्याला जरूर सांगावे; मात्र आयफोन १४ पासून अमेरिकी फोनांत सिमकार्डाची खाच नसते, हे सहसा फोन आल्यावर कळते.

दुसऱ्या दिवशी जयंती कॉम्प्लेक्समध्ये चक्कर मारावी. नवा फोन तिथे पोहोचलेला नसतो, त्याचे कव्हर पोहोचलेले असते. ‘भैया, नया वाला कब आएगा?’ असे विचारून मागच्या वर्षीच्या मॉडेलचा भाव काढावा. आयफोन १६ आला तसा १५ दहा हजारांनी उतरला होता. लाँचचा खरा लाभार्थी हाच ग्राहक असून तो टाळ्या सर्वांत कमी वाजवतो.

उरतो मुहूर्त. अ‍ॅपलच्या कॅलेंडरवर तिथी छापत नसावेत. २०२२, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी विक्री पितृपक्षातच सुरू झाली. ज्या घरात या पंधरवड्यात रुमालही घेत नाहीत, तिथे ऑनलाइन बुकिंग ही खरेदी नव्हे, असा निर्वाळा एखाद्या वडीलधाऱ्याकडून मिळवावा आणि पार्सल घटस्थापनेनंतर येईल असे बघावे. २०२५ मध्ये तर २२ सप्टेंबरला घटस्थापना आणि जीएसटीचे नवे दर एकाच दिवशी आले. स्वस्ताईच्या आशेने थांबलेल्यांना मोबाइलवरचा कर १८ टक्केच राहिल्याचे आढळले. पितरांसाठी थांबलेल्यांची तेवढी फसगत झाली नाही. फोन आल्यावर जुना आईला द्यावा. आईचा जुना आजीकडे जातो, आणि आजीचा बटणांचा फोन, ज्याची बॅटरी चार दिवस टिकते, तो ती कोणालाही देत नाही.