शांत जागेचा मोह

मी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. ‘शांत बसा’ या दोन शब्दांचा सव्वीस वर्षं पगार घेतोय आणि स्वतः एक दिवस शांत बसलेलो नाही. पांढुर्ण्यात आमच्या घरामागून दिल्ली-चेन्नई रेल्वेमार्ग जातो आणि घरासमोर मंगल कार्यालय आहे. रेल्वे निदान निघून तरी जाते. बँड एकाच जागी उभा राहून वाजतो. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा वाटलं, आता काही फरक पडेल. पडला. वरातीपुढे डीजेच्या दोन गाड्या यायला लागल्या.

म्हणून यंदा चौदा एप्रिलला लागून सुट्ट्या आल्या तेव्हा मी घरात जाहीर केलं, की आपण सातपुड्यात जायचं, तंबू ठोकायचा आणि दोन दिवस काहीही ऐकायचं नाही.

जागा निवडायला घरात बैठक बसली. बैठक म्हणजे मी, बायको, आई आणि साळा. तंबू साळ्याचा असल्यामुळे त्याला दोन मतं होती.

चिखलदरा मी पहिल्याच फेरीत बाद केलं. जागा झकास आहे, महाराष्ट्रात कॉफी पिकते ती तिथंच, पण सुट्टीच्या दिवशी सगळी अमरावती दऱ्या बघायला येते आणि दरीपेक्षा अमरावतीच जास्त दिसते. पचमढी आईनं बाद केली. आमच्याकडचा माणूस पचमढीला जातो तो खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडाच्या महादेवाला, नाहीतर नागपंचमीच्या सुमाराला नागद्वारीला. “महादेवाच्या दारात जाऊन नुसतं झोपून यायचं? लोक काय म्हणतीन?” धूपगड हे सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर आहे, १,३५२ मीटर, हे मी सांगून पाहिलं. आई म्हणाली, “मंग महादेव त्याच्याहूनबी वर हाय.” राहिलं तामिया. छिंदवाड्याच्या पुढे पन्नास-पंचावन्न किलोमीटर, गर्दी कमी, आणि बाजूला पाताळकोट. ठराव मंजूर.

साळ्याबद्दल थोडा खुलासा हवा. तो सावरगावचा, म्हणजे जाम नदीच्या पलीकडचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध झेंडा लावलेलं पळसाचं झाड रोवतात आणि अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव एकमेकांवर दगड चालवतात. ही आमची गोटमार. इकडच्या पोरानं तिकडची पोरगी पळवली आणि भर नदीत दोघांवर दोन्हीकडून दगड आले, अशी तिची कथा सांगतात. प्रशासनानं एकदा रबरी चेंडूही देऊन पाहिले. माणसं मेली आहेत त्यात. मला त्याची गंमत वाटत नाही, आणि बाहेरचा कोणी हसत हसत विचारतो तेव्हा तर तिडीक येते. त्या दिवशी मी दार लावून घरात बसतो. मात्र बायको सावरगावचीच केल्यामुळे माझ्या वाटणीचे गोटे वर्षभर हप्त्यानं येत असतात.

सकाळी निघालो. डिकीत तंबू, रोडग्यांसाठी कणीक, वांगी, गोवऱ्या आणि मृग बहाराच्या संत्र्यांची थैली. वाटेत जामसावळीला थांबलो. तिथला मारुती आडवा आहे, चक्क झोपलेला. आमच्या जिल्ह्यात निवांत झोप मिळालेला तेवढा एकच. त्यालाही शनिवारी कोणी सोडत नाही. सौंसर, सिल्लेवानीचा घाट, छिंदवाडा, परासियाच्या कोळसा खाणी, तामिया. पाताळकोट बघितला: घोड्याच्या नालेसारखी खोल दरी, तिच्या तळाशी भारिया आणि गोंड लोकांची गावं, मेघनाद इथूनच पाताळात गेला म्हणतात. मी पाच मिनिटं गप्प उभा राहिलो. साळ्याला तेवढ्या वेळात रेंज मिळाली.

मग खरी निवड सुरू झाली. मी वहीत मुद्दे लिहून नेले होते. जमीन सपाट हवी, सावली हवी, नाला जवळ नको, डोक्यावर वाळकी फांदी नको. जंगलखात्याची हद्द सोडून एका गावाच्या कडेला आम्ही दीड तास फिरलो. एक जागा उताराची, दुसरीत मुंग्या, तिसरीकडून मोबाइलचा टॉवर दिसत होता. आणि मग ती दिसली. एका भल्यामोठ्या झाडाखालची जमीन, पाला जाळून राख बाजूला सारलेली, अंगण झाडावं तशी लख्ख झाडलेली. मी म्हटलं, निसर्गानं आपल्यासाठीच तयार ठेवलीय.

बायको म्हणाली, “निसर्ग झाडू मारते का? झाड कोनाचं हाय ते विचारा आधी.”

“जंगलात झाड कोणाचं असतं?” मी शिक्षकी आवाजात म्हटलं.

तरी रस्त्यानं जाणाऱ्या एका सायकलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “लगा लो, किसको क्या.” त्या ‘किसको’त सायकलवालासुद्धा येत होता, हे नंतर कळलं.

रोडगे भाजले, खाल्ले. संध्याकाळी इतकी शांतता होती, की स्वतःच्या पोटातलं वांगं ऐकू येत होतं. तंबूत मधे चादर बांधून दोन खोल्या केल्या. अलीकडे आम्ही नवरा-बायको, पलीकडे साळा. नऊला झोपलो.

अडीच-तीनच्या सुमाराला तंबूवर काहीतरी पडलं. टप्. थोड्या वेळानं आणखी एक. मग टप् टप् टप्, चारी बाजूंनी.

“भाऊजी,” चादरीपलीकडून आवाज आला, “दगडं येऊन रायले.”

“इथं कोण दगड मारणार?”

“तुमच्या गावचा आला असन कोनी.”

“पाऊस असेल,” मी म्हटलं. बायकोनं हात बाहेर काढून पाहिला. हात कोरडा होता, पण वासाचा. गोड, जड, डोक्यात चढणारा. तिनं तो माझ्या नाकाशी धरला आणि फक्त एवढंच म्हणाली, “मोह.”

मी मोहाच्या झाडाखाली तंबू ठोकला होता. ऐन फुलं गळायच्या दिवसांत. वर्गात पोरांकडून झाडांची नावं पाठ करून घेणारा माणूस मी.

एवढ्यावर भागलं असतं, पण साळ्याला ज्ञान आठवलं. “मोहाखाली अस्वल येते ना भाऊजी? लय आवडते त्याले.” हे खरं आहे, म्हणूनच ते त्या वेळी बोलायला नको होतं. त्यानंतर आम्ही तिघंही अस्वल ऐकत बसलो. आणि चारच्या सुमाराला ते आलं. सावकाश पावलं. जवळच कोणीतरी बसल्याचा आवाज. मग एक लांब उसासा.

मी पीटीची शिट्टी फुंकली. तिचा अस्वलावर काय परिणाम होतो माहीत नाही. बाहेरचं अस्वल खोकलं आणि म्हणालं, “सोओ बाबूजी, सोओ. उजाला होने दो.”

बाहेर एक म्हातारी टोपली घेऊन बसली होती. झाड तिचं होतं. तिकडे मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात आणि कोणतं झाड कोणाचं ते सगळ्या गावाला ठाऊक असतं. खालची जमीन तिनंच झाडली होती, फुलं मातीत हरवू नयेत म्हणून. आम्ही झोपलोय म्हणून तिनं उठवलं नव्हतं.

कंदिलाच्या उजेडात मी तंबूभोवती बघितलं. फुलं चांदण्यासारखी पसरली होती असं लिहायचा मला हक्क होता, पण माझ्याच चपलेखाली दहा-बारा चिरडलेली होती. वाळवून विकली की त्यांचा पैसा होतो, आणि हंगाम मोजक्या दिवसांचा. मी पाकीट काढलं. ती हसली आणि माझ्या हातात रिकामी टोपली दिली.

उजाडेपर्यंत आम्ही मोह वेचला. माझ्या बायकोचं बालपण संत्र्याच्या बगिच्यात गेलेलं. तिची बोटं म्हातारीइतकीच भरभर चालत होती. दोघी बोलत होत्या, एक मराठीत, एक तिकडच्या हिंदीत. मला अर्ध्या तासात कंबर धरावी लागली. तंबूवर पडलेली फुलं मात्र स्वच्छ होती, नुसतं कापड झटकलं की टोपली भरत होती. म्हातारीनं ते दोनदा झटकून पाहिलं, बोटांनी चाचपलं, काही बोलली नाही.

निघताना डिकी हलकी वाटली. साळ्याला विचारलं, तंबू कुठाय? तो मोबाइलमध्ये बघत म्हणाला, “रायला तिथंच.” चार हजाराचा तंबू. सावरगावचा माणूस. मी पुढे काही विचारलं नाही.

म्हातारीनं बायकोला थैलीभर फुलं दिली होती. ती बंद गाडीत, एप्रिलच्या उन्हात, सिल्लेवानीचा घाट उतरेपर्यंत आंबली. सौंसरच्या अलीकडे नाक्यावर पोलिसानं गाडी थांबवली. काच खाली केली, तसा तो एक पाऊल मागे सरला. मग त्यानं डोकं आत घालून माझ्याकडे नीट पाहिलं.

“सर?” तो म्हणाला. “तिसरी ब. तुम्ही मले बेंचावर उभं केलं होतं.”

मी गाडीतून खाली उतरून उभा राहिलो.