एम वर या, मग बोलू

नव्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक गोल चकती असते. कंपनीच्या लेखी ती फोटो काढायची पद्धत निवडण्यासाठी. आपल्याकडे आली की तिच्यात वर्णव्यवस्था शिरते. हिरवा ऑटो सगळ्यात खाली. त्याच्यावर पी, मग ए आणि एस, आणि अगदी वर सोवळं नेसून बसलेला एम, म्हणजे मॅन्युअल, जिथे सगळं आपणच ठरवायचं. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा बिचारा प्रकाश मोजतो, चेहरा हेरतो आणि पोराचा वाढदिवस बऱ्यापैकी टिपूनही देतो. पण ६०-७० हजार मोजून नुसतं ‘बऱ्यापैकी’ घ्यायचं, तर मग मोबाइल काय वाईट होता?

आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर कॅमेरा घेतला. खोक्याला झेंडूची माळ घातली, कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहिलं, आणि भक्तीच्या भरात कुंकवाचं एक बोट लेन्सलाही लागलं. पुढे काही दिवस त्यांचे सगळे सूर्यास्त जरा जास्तच लाल निघाले. लोकांनी ‘वा, काय रंग आलाय!’ म्हटलं. खरं म्हणजे त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वोत्तम काळ. मग त्यांनी लेन्स पुसली आणि ते शिकायला लागले.

शिकण्याची सुरुवात अ‍ॅपर्चरपासून होते, कारण तिथेच माणूस पहिल्यांदा चक्रावतो. आकडा लहान तेवढं भोक मोठं! एफ १.८ म्हणजे दार सताड उघडं, एफ १६ म्हणजे किलकिलं. यात गूढ काही नाही, साधा भागाकार आहे. लेन्सच्या फोकल लांबीला भोकाच्या व्यासाने भागायचं. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ २ वर २५ मिलिमीटरचं भोक. सातवीतल्या पोराला कळेल. पण पन्नाशीत कळलं की ते पोटात राहत नाही. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून तळाला येईस्तोवर आम्हाला तो भागाकार करून दाखवण्यात आला. सोबत दूधवालाही होता. तोही सुटला नाही.

भोक मोठं ठेवलं की मागचं सगळं धूसर होतं, हा दुसरा साक्षात्कार. त्यानंतर त्यांनी एकही गोष्ट अख्खी दिसू दिली नाही. बायकोचा एक डोळा लख्ख, दुसरा धुक्यात. सप्टेंबरात सहकुटुंब कासला गेले. सह्याद्रीबरोबर २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेलं ते पठार, फुलांनी भरलेलं. गृहस्थांनी गुडघ्यावर बसून एकच फूल टिपलं, मागचं पठार साफ विरघळवलं. फोटो सुरेख आहे. गच्चीवरच्या कुंडीत निघाला असता, एवढंच.

खरी परीक्षा पुतणीच्या लग्नात झाली. हौशी माणसाला हॉलमधला प्रकाश हा शत्रूच: पिवळा, अपुरा, त्यात स्टेजवर निळे-जांभळे दिवे. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं तेव्हा गृहस्थ एम वर होते. शटर पंधरांश सेकंदावर ठेवलं, तर नवरदेव हलला. शटरचा वेग वाढवला, तर सगळं काळंठिक्कर. प्रकाशाची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, चढवला, तर नवरीच्या गालांवर रवा पसरला. ‘सावधान’ झालं, आंतरपाट सरकला, अक्षता पडल्या, आणि ऑटोफोकसने झडप घातली ती पुढे उभ्या असलेल्या मामांच्या टकलावर. तेवढं मात्र इतकं स्पष्ट आलं, की टकलावरचे तांदूळ मोजावेत. हार घालतानाचा जो फोटो आज नवरीच्या आईच्या मोबाइलवर झळकतो, तो सहावीतल्या एका भाचीने खुर्चीवर चढून काढला. मोबाइलवर. ऑटोवर!

१९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. ०.०१ मेगापिक्सेलचं कृष्णधवल चित्र, तेही कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागत. पन्नास वर्षांत यंत्र कुठल्या कुठे गेलं. आमचे गृहस्थ मात्र एक फोटो घ्यायला अजून २३ सेकंदांहून जास्तच घेतात, आणि तोवर समोरची मंडळी ‘झालं का हो?’ विचारत दात दाखवून ताटकळतात.

त्यांच्याकडचे लग्नाचे फोटो अजून कुणी पाहिलेले नाहीत. ते ‘रॉ’ आहेत. रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेला कच्चा माल. तो नंतर संगणकावर बसून शिजवायचा असतो. त्यासाठी आधी सॉफ्टवेअर हवं, सॉफ्टवेअरला नवा लॅपटॉप हवा, आणि लॅपटॉपला घरातून मंजुरी हवी. नवरीने दोनदा फोटो मागितले. आता तिच्या डोहाळजेवणाची तारीख ठरली आहे, त्यामुळे गृहस्थांनी दोन्ही कार्यक्रमांचे एकदमच देतो म्हणून सांगितलंय.

परवा त्यांच्या वडिलांनी, नानांनी, स्वच्छ धोतर नेसून, टोपी घालून खुर्ची खिडकीशी ओढली. “अरे, माझा एक चांगला फोटो काढून ठेव. भिंतीवर लावायच्या वेळी शोधाशोध नको.” उजेड छान होता. नाना स्थिर बसले होते. गृहस्थांनी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला, काढला, मान हलवली.

“नाना, या लेन्सवर पोर्ट्रेट नाही हो येत. ८५ ची दिवाळीला घेतोय. तेवढं थांबा.”